नाल्याची पातळी मोजून रात्री ले-आउटमधल्या लोकांना जागं करायचं आहे: सेन्सर, सिम, भोंगा कसे जुळवावे?

नालाकाठ_सचिव

नाग नदीला मिळणाऱ्या एका नाल्याच्या काठावर आमचा ले-आउट (प्लॉट पाडून वसवलेली वस्ती) आहे, पश्चिम नागपुरात. घरं साधारण १४०, त्यातली ३५ तळमजल्यावर. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलावाच्या सांडव्यावरून पाणी उसळलं तेव्हा अख्खं शहर झोपेत होतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून पाणी उंबरठ्याला लागायच्या आधी माणसं उठतील अशी सोय सोसायटीच्या खर्चातून करायची आहे.

डोक्यात असलेला आराखडा: नाल्यावरच्या पुलाच्या स्लॅबखाली अल्ट्रासॉनिक सेन्सर (आवाजाच्या प्रतिध्वनीने अंतर मोजणारा), त्याला ईएसपी३२ (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), सोबत सिम८००एल (सिम घालायचं मोबाइल मॉड्यूल), सोलर पॅनल, आणि पातळी वाढली की व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज. बजेट २५ हजार. स्लॅबच्या खालच्या पृष्ठापासून कोरड्या तळापर्यंत ३ मीटर भरतात.

विचारायचं हे: सेन्सर कोणता टिकेल? धोक्याची पातळी कशी ठरवायची? व्हॉट्सॲप पुरेल का? आणि पुलाला डबा ठोकायला परवानगी कोणाची?

---

सोल्डर_दादा

आधी सिम८००एल यादीतून काढा. ते टूजी मॉड्यूल आहे आणि जिओचं टूजी नाहीच. दुसऱ्या कंपनीचं सिम घातलं तर आज चालेल, पण टूजीच्या भरवशावर नवीन काही उभारू नये. ए७६७०सी हे फोरजी मॉड्यूल घ्या. व्होल्टेज ३.४ ते ४.२ च्या मध्ये राहिलं पाहिजे, आणि नेटवर्क शोधताना ते क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतं. बारीक वायर किंवा लांब जंपर लावला की त्याच क्षणी व्होल्टेज बसतं, मॉड्यूल रीसेट होतं, पुन्हा नेटवर्क शोधतं, पुन्हा बसतं. टेबलावर सगळं छान चालतं आणि पुलाखाली बंद पडतं, त्याचं दहातलं नऊ वेळा हेच कारण. मॉड्यूलच्या अगदी पायाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ३ अँपिअरचा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं सर्किट) लावा.

सेन्सर: जेएसएन-एसआर०४टी हा वॉटरप्रूफ प्रकार तुमच्या ३ मीटरला पुरतो. त्याच्या तीन खोडी आहेत.

पहिली, साधारण २५ सेंटीमीटरच्या आतलं त्याला दिसत नाही. पाणी सेन्सरच्या इतक्या जवळ आलं की आकडा वाटेल तिकडे उडतो, म्हणजे नेमका पूर चढल्यावर. त्यामुळे सेन्सर स्लॅबखाली नको. कठड्याच्या बाहेर कोनाचं लोखंड काढून स्लॅबच्या पातळीपेक्षा निदान ४० सेंटीमीटर वर टांगा. भिंतीपासूनही दूर ठेवा, कारण त्याचा आवाजाचा झोत रुंद असतो. एक मीटरच्या आत खांब आला की तो खांबाचंच अंतर सांगत बसतो.

दुसरी, फेस, थर्माकोल, पन्नीचे गठ्ठे, निर्माल्य. पाण्याऐवजी तरंगत्या कचऱ्याचा माथा मोजला जातो. एका वाचनावर कधीच विसंबू नका. दीड सेकंदात ९ वाचनं घ्या, चढत्या क्रमाने लावा, मधलं धरा. सरासरी नको, एक चुकार आकडा सरासरी नासवतो.

तिसरी खोड कोणी सांगत नाही आणि नागपुरात तीच सगळ्यात महाग पडते. आवाजाचा वेग तापमानावर अवलंबून असतो: २० अंशाला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, ४५ अंशाला सुमारे ३५९. म्हणजे ३ मीटरवर जवळजवळ १३ सेंटीमीटरचा फरक. बहुतेक तयार कोडमध्ये ३४३ कायमचं कोरलेलं असतं. तुम्ही मे महिन्यात दुपारी डबा बसवून शून्य लावलं, तर सप्टेंबरच्या पावसाळी रात्री तो पाणी असेल त्यापेक्षा १२ सेंटीमीटर कमी दाखवेल. चूक नेमकी धोक्याच्या बाजूला. उपाय सोपा आहे. डीएस१८बी२० नावाचं तापमानाचं प्रोब डब्याच्या खाली, सावलीत, डब्याला न टेकवता लटकवा, आणि वेग = ३३१.३ + ०.६०६ × तापमान या सूत्राने दर वेळी काढा.

सेन्सरवर आंधळा विश्वास किती ठेवायचा, याला नागपूरकरांना बाहेरचं उदाहरण नको. ३० मे २०२४ ला इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली, आणि मग सेन्सर बिघडल्याचं हवामान खात्याने सांगितलं. दुसरी दोन केंद्रं ४४ च्या आसपास दाखवत होती. एकाच आकड्यावर निर्णय नको, एवढंच.

बॅटरी: १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची सीलबंद लेड-ॲसिड, २० वॅटचं पॅनल. बक कन्व्हर्टरसकट सरासरी ४० मिलिअँपिअरचा खप धरला आणि बॅटरी निम्मीच वापरली तरी साडेतीन दिवस सूर्याशिवाय निघतात. झड लागली की एवढं लागतंच. लिथियम हलकी असते, पण बंद डब्यात उन्हाळ्यात ती लावू नका. लेड-ॲसिडचंही आयुष्य दर १० अंशांमागे निम्मं होतं, म्हणून डबा पांढरा, पॅनलच्या सावलीत, आणि खाली जाळी लावलेलं भोक. दर दोन वर्षांनी बॅटरी बदलायची हे आजच वहीत लिहा.

कोरडं असताना दर १० मिनिटांनी वाचन. पातळी १५ सेंटीमीटरने चढली की दर मिनिटाला.

---

लेव्हलपाईप

सोल्डर दादांनी डबा सांगितला. पण डब्यातून येणारा आकडा कशाला चिकटवायचा, खरं काम तिथं आहे.

सॅटेलाइटच्या उंचीच्या नकाशावरून "कोणतं घर बुडेल" काढायच्या फंदात पडू नका. फुकट मिळणाऱ्या नकाशात एक चौकोन ३० मीटरचा असतो आणि उंचीतली चूक मीटरमध्ये. तुमचा प्रश्न आहे उंबरठ्याचा, म्हणजे इंचांचा. त्यासाठी गवंड्याकडची लेव्हलची नळी आणा: पारदर्शक, ८ ते १० मिलिमीटर, ३० मीटर लांब. बादलीतून पाणी ओढून भरा. आत बुडबुडा राहिला तर पातळी खोटी येते, म्हणून नळी जमिनीवर सरळ पसरून बोटाने टिचक्या मारत बुडबुडे एका टोकाला काढा. मग पुलाच्या कठड्यावर ऑइलपेंटने एक रेघ मारा. ती तुमची शून्य रेघ. तिथून घरोघरी नळी सरकवत प्रत्येक उंबरठा रेघेच्या किती खाली किंवा वर ते वहीत लिहा. १४० घरांची गरज नाही. तळमजल्याची ३५ घरं, दोन्ही टोकांचे रस्ते आणि ट्रान्सफॉर्मरचा ओटा पुरे. दोन माणसं, एक सकाळ.

पुलाच्या खांबावर त्याच शून्याशी जुळणारी पट्टीही रंगवा. दर १० सेंटीमीटरला रेघ, दर ५० ला आकडा, पिवळ्यावर काळा. टॉर्च मारली की दिसली पाहिजे. सेन्सर खरा की खोटा हे रात्री तीनला तीच पट्टी सांगेल.

आता धोक्याची पातळी. हिशेब उलटा करायचा, उंबरठ्याकडून नाल्याकडे. सर्वात खालच्या घराला उठून, म्हाताऱ्यांना वर नेऊन, मेन स्विच पाडून, गाडी काढायला किती मिनिटं? समजा ४०. जोरदार पावसात तुमचा नाला मिनिटाला किती चढतो? समजा २ सेंटीमीटर. मग लाल रेघ सर्वात खालच्या उंबरठ्याच्या ८० सेंटीमीटर खाली. पिवळी त्याच्याही ४० खाली. हे २ सेंटीमीटर मी उदाहरणाला घेतले आहेत. तुमचा आकडा पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसात नोंदी पाहून काढा, तोवर दुप्पट धरा. आणि नुसती पातळी नको, वेगही बघा: १० मिनिटांत ३० सेंटीमीटर चढलं तर पातळी कुठेही असो, पिवळा इशारा गेलाच पाहिजे.

एक गोष्ट मात्र हमखास सुटते. काठावरच्या वस्तीत पाणी बहुतेक वेळा काठ ओलांडून येतच नाही, ते आधी गटारातून उलटं येतं. नाला भरला की पावसाळी गटाराचं तोंड त्यात बुडतं आणि चेंबरची झाकणं उचलली जातात. काठ कोरडा, नाला रेघेखाली, आणि मागच्या गल्लीत घोटाभर पाणी. म्हणून सर्वात खोलगट जागेच्या चेंबरमध्ये एक साधा फ्लोट स्विच टाका, टाकीत असतो तो. झाकणाच्या ३० सेंटीमीटर खाली. कोड नको, काही नको.

---

टेलिकॉम_खिडकी

व्हॉट्सॲप पुरणार नाही. रात्री तीनला निम्मे फोन सायलेंट, उरलेल्यांनी ग्रुप म्यूट केलेला. जागे असतील ते "काय झालं?" विचारतील आणि खरा मेसेज त्या ढिगात गडप. ग्रुप ठेवा, पण लिहायचा अधिकार फक्त ॲडमिनला, आणि तो दिवसाच्या निरोपांसाठी.

माणूस उठतो तो फोनच्या रिंगने. ए७६७०सी कॉल लावू शकतं. प्रत्येकाला २५ सेकंद रिंग म्हणजे ८ जणांना साधारण साडेतीन मिनिटं. १४० घरांना हेच करायला बसलात तर तास जाईल. म्हणून मशीनने ८ जणांनाच उठवायचं, आणि त्या प्रत्येकाकडे वाटून दिलेली १७-१८ घरं. त्यांच्या फोनमध्ये डब्याचा नंबर आवडत्यांत टाका, आणि रात्री फोन सायलेंटऐवजी आवडत्यांना सूट दिलेल्या 'डू नॉट डिस्टर्ब'वर ठेवा, म्हणजे वाजेल. ही सेटिंग आठही फोनवर हातात घेऊन तपासा. "केली आहे" यावर विश्वास नको.

एसएमएस. साध्या सिमच्या प्लॅनमध्ये बहुधा दिवसाला १०० च मिळतात, आणि कंपनीमार्फत एकगठ्ठा पाठवायचे तर डीएलटी नोंदणी (टेलिकॉम कंपन्यांकडची, एकगठ्ठा एसएमएससाठीची) लागते: आधी संस्थेची, मग हेडरची (पाठवणाऱ्याच्या छोट्या नावाची), मग प्रत्येक मजकुराच्या साच्याची. नोंदणीकृत सोसायटी असेल तर होतं, पण वेळ जातो. पावसाळ्याच्या तोंडावर सुरू करू नका. आणि देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७०च खुणा मावतात, १६० नाही. काना, मात्रा, टिंब सगळं वेगळं मोजलं जातं. जास्त झालं की दोन तुकडे, आणि गर्दीच्या नेटवर्कवर दुसरा आधी पोचतो. हा बघा मजकूर:

"नाला ४.२ फूट. वाढतोय. तळमजला सोडा. वर जा."

मात्रांसकट ४१ खुणा. उरलेल्या २९ मध्ये ले-आउटचं नाव आणि वेळ बसते. "सर्व रहिवाशांना सूचित करण्यात येते की" ने सुरुवात केलीत तर अर्धा मेसेज तिथेच संपला.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: डबा गप्प झाला तर तोही इशारा. डब्याने दर १० मिनिटांनी सर्व्हरला (वाचनं साठवणाऱ्या, इंटरनेटवरच्या संगणकाला) "मी आहे" सांगायचं. २५ मिनिटं काही आलं नाही की सर्व्हरनेच आठ जणांना कळवायचं. नाही तर होतं असं की पुरात टॉवरची बॅटरी संपते, डबा मुका होतो आणि स्क्रीनवर शेवटची हिरवी पातळी तशीच झळकत राहते. स्क्रीनवर आकड्याशेजारी तो किती मिनिटांपूर्वीचा आहे हे मोठ्या अक्षरात दाखवा.

---

बर्डी_वाला

हे सगळं ठीक आहे भाऊ, पण नाल्यात गाळ अन् पन्न्या भरून राहिल्या तं सेन्सर काय करणार? पुलाच्या कमानी आधी मोकळ्या करा ना बाप्पा. अर्धी कमान गाळानं भरली असली तं तुमचे ३ मीटर दीडवर येतात, अन् तो आकडा कोडात कोणीच बदलत नाही.

---

लेव्हलपाईप

बर्डीवाले भाऊ बरोबर बोलून राहिले. मे अखेरीस आणि मोठ्या पावसानंतर प्रत्येक कमानीचा एकाच जागेवरून फोटो काढा, पट्टीसकट. तळाची खोली पुन्हा मोजा. वर्षाकाठचे फोटो शेजारी शेजारी ठेवले की गाळ काढून घ्यायला महापालिकेच्या झोन ऑफिसात दुसरा पुरावा लागत नाही.

---

नालाकाठ_सचिव

बरंच उलगडलं, आभार. तीन शंका उरल्या. भोंगा आपोआप वाजवावा की माणसाने? खोटा इशारा गेला तर कायद्याचं काय? आणि सरकारी ॲप असताना लोक विचारतात, हे काऊन करता?

---

नियंत्रण_कक्ष_बाहेरचा

शेवटच्यापासून सुरू करतो.

'सचेत' हे सरकारी आपत्ती-इशाऱ्यांचं ॲप आणि हवामान खात्याचे इशारे घ्याच, ते फुकट आणि अधिकृत आहेत. पण ते बहुधा जिल्ह्याला उद्देशून असतात, तुमच्या पुलाला नाही. शिवाय पावसाची वर्गवारी २४ तासांची आहे: ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे नुसता "जोरदार". २०२३ च्या त्या रात्री १०० मिलिमीटरच्या वरचा पाऊस काही तासांतच कोसळला. दिवसभरात विभागून पडला असता तर त्याच आकड्याने फार तर रस्ते तुंबले असते. म्हणून सोबत एक टिपिंग बकेट पर्जन्यमापक गच्चीवर लावा; त्यातली छोटी वाटी भरली की उलटते, ती प्रत्येक उलट म्हणजे एक टिपका. स्वस्त प्लॅस्टिकच्या मापकात एक टिपका बहुधा ०.२७९४ मिलिमीटरचा असतो, पण छापील आकड्यावर जाऊ नका. फनेलचं तोंड मोजा, समजा व्यास २० सेंटीमीटर, तर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे ३१.४ मिलिलिटर पाणी. सलाइनच्या नळीने तेवढं पाणी थेंब थेंब सोडून टिपके मोजा. नाला चढायच्या आधी गच्चीवरचा पाऊस बोलतो, आठ जणांना तेवढी जास्त मिनिटं मिळतात.

कायदा: आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५, कलम ५४. आपत्तीबद्दल खोटा इशारा देऊन घबराट पसरवली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. घाबरून काम सोडू नका, पण शब्द सांभाळा. "धरण फुटलं", "नागपुरात पूर" असलं काही मशीनच्या तोंडी घालू नका. मोजलेला आकडा, वेळ, स्वतःच्या ले-आउटचं नाव आणि काय करायचं, बस. मेसेज पुढे ढकलला गेला तरी तो कुठला ते कळलं पाहिजे.

परवानगी: पूल आणि नाला तुमचा नाही. महानगरपालिकेच्या झोन कार्यालयात लेखी अर्ज द्या. स्केच, डब्याचं वजन, कठड्याला भोक न पाडता क्लॅम्पने लावणार हे लिहा, आणि वाचनाची लिंक झोनला व नियंत्रण कक्षाला देणार हेही. पुरात क्लॅम्प सुटून डबा कमानीत अडकू नये म्हणून स्टीलची दोरी वेगळी बांधा. हे अर्जात लिहिलं की अभियंत्याचा अर्धा आक्षेप तिथेच गळतो.

भोंगा दोन टप्प्यांत. पिवळ्याला आठ जणांना कॉल. त्यातल्या दोघांनी खिडकीतून किंवा पुलाच्या वरच्या बाजूने टॉर्चने पट्टी बघायची, पाण्याजवळ जायचं नाही, आणि भोंगा लावायचा. लाल ओलांडून १० मिनिटं झाली आणि कोणीच उत्तर दिलं नाही तर तो आपोआप. शिवाय फ्लोट स्विचची एक वायर रिलेमार्फत (विजेने चालू-बंद होणारा स्विच) थेट भोंग्याला द्या, ईएसपी३२ ला वळसा घालून. सॉफ्टवेअर लटकलं तरी ती वाजेल. भोंग्याची बॅटरी आणि डबा पहिल्या मजल्याच्या वर. इन्व्हर्टरसोबत तळमजल्यावर ठेवला तर दोघं सोबतच बुडतील.

आणि एक यादी. घर क्रमांक, मजला, चालता न येणारी माणसं, ऑक्सिजन किंवा इन्सुलिन लागणारे, दोन फोन, गाडीची दुसरी चावी कोणाकडे. शीटमध्ये ठेवा, पण संमती घेऊन आणि आठ जणांनाच दिसेल अशी. "अमक्या घरी म्हातारी एकटी असते" ही माहिती ग्रुपवर टाकायची नसते. मृग लागायच्या आत दर वर्षी तपासून छापा, लॅमिनेट करा, आठ घरांत दाराच्या आतल्या बाजूला लावा. त्याच कागदावर ११२, अग्निशमन १०१, जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७. खाली दोन ओळी: लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करा, आणि पाणी मीटरबोर्डला लागलं असेल तर मेन स्विचला हात न लावता महावितरणला कळवा.

---

सोल्डर_दादा

तालीम कशी घ्यायची ते राहिलं. सेन्सरखाली दोरीने प्लायचा तुकडा धरा आणि हळूहळू वर ओढा, १० मिनिटांत ३० सेंटीमीटर, मग लाल रेघेपर्यंत. सगळी साखळी चालली पाहिजे: कॉल, एसएमएस, भोंगा. मग सिम काढा आणि "गप्प" चा इशारा येतो का बघा. मग पॅनल झाकून तीन दिवस सोडा. पहिल्या तालमीत काहीतरी फसतंच. बहुतेकदा सिमचं रिचार्ज संपलेलं असतं. वर्षाचा प्लॅन टाका आणि संपायची तारीख सर्व्हरलाच सांगा.

---

नालाकाठ_सचिव

भोंग्याची तालीम पहिल्या रविवारी सकाळी ११ ला ठेवतो, आधी सूचनेचा कागद लावून.

---

बर्डी_वाला

सकाळी ठेवा, पण एक रात्री पण घ्या, पाऊस चालू असताना. सप्टेंबरात लोक खिडक्या लावून एसीत झोपतात अन् मागच्या ओळीत टिनाचं छप्पर आहे. टिनावर पाऊस वाजून राहिला की दिवसा कान फाडणारा भोंगा चौथ्या घरात ऐकू येत नाही. त्या ओळीला वेगळा भोंगा लागंल.